डाव्या पानावरची लाल खूण

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यावर कुंकवाचे इतके थर बसले आहेत की पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी पोथी वाटते. मी एक जुनी प्रयोगवही आहे. रसायनशास्त्राची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची. माझे वय चौदा वर्षे आहे. वहीच्या मानाने हे फार झाले. माझ्याबरोबर एकाच गठ्ठ्यात बांधलेल्या इतर वह्या केव्हाच रद्दीत जाऊन त्यांचे पुडे झाले असतील.

गोंदियाच्या एका छोट्या छापखान्यात माझी पाने शिवली गेली. माझी रचना तुम्हाला माहीत असेलच. उजवे पान रेघांचे, डावे पान कोरे. उजव्या पानावर प्रयोग लिहायचा आणि डाव्या पानावर पेन्सिलीने त्याची आकृती काढायची. आकृतीला सहसा अर्धे पान पुरते. उरलेले अर्धे पान रिकामे राहते. माझ्या आयुष्यात जे काही घडले ते या रिकाम्या अर्ध्या पानामुळे घडले.

अर्जुनी मोरगावला बस स्टँडजवळच्या दुकानातून मनिरामने मला विकत घेतले. त्याचे गाव तिथून सात किलोमीटरवर, प्रतापगडच्या रस्त्याला. त्याने मला शर्टाच्या आत छातीशी धरून सायकलवरून घरी नेले. पुढे टोपली होती, तरी टोपलीत ठेवले नाही. मनिराम चौथी शिकला होता. चौथीनंतर त्याला ढोरांमागे पाठवले. शाळेचे गुरुजी दोनदा घरी विचारायला आले होते आणि दोन्ही वेळा मनिराम गोठ्यात लपून रडत होता. हे तो स्वतः कधी सांगत नसे. त्याची बायको शामकला सांगत असे. तेव्हापासून छापलेला कागद दिसला की हा माणूस थांबतो. खताचे पोते असो की भज्याचा कागद, तो ओठ हलवत, अक्षराला अक्षर लावत शेवटपर्यंत वाचतो आणि मग घडी करून ठेवतो.

त्याच्या थोरल्या मुलीसाठी त्याने मला आणले होते. तिचे नाव ओमेश्वरी. त्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी.

ओमेश्वरीचे अक्षर बारीक आणि सरळ होते. उजव्या पानावर ती इंग्रजीत लिहायची. एम, अ‍ॅपरेटस, प्रोसिजर, ऑब्झर्वेशन, रिझल्ट. प्रयोगशाळेत दोघांना मिळून एक ब्युरेट मिळत असे. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली काचेची लांब नळी. एकाने तोटी फिरवून त्यातले द्रावण थेंब थेंब सोडायचे, दुसऱ्याने खाली काचेचा चंबू हलवत राहायचे. चंबूतले द्रावण बिनरंगी असते. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका थेंबाला ते एकदम फिकट गुलाबी होते. तो शेवटचा बिंदू. तिथे तोटी बंद करायची आणि किती मिलिलिटर गेले ते वाचायचे.

ओमेश्वरीच्या वाट्याला चंबू होता. तोटी तिलकच्या हातात असायची. तिलक नवेगाव बांधचा. त्याच्या घरी तलावातली मासेमारी होती. तो कमी बोलायचा आणि वाचन घेताना डोळा अगदी पातळीला आणायचा. ओमेश्वरीच्या घरचे लोक माळव्यातून आलेले शेतकरी. त्या घरात जात कुणी मोठ्याने बोलत नसे, कारण सगळ्यांना ती पाठ होती.

पहिली कविता तिने सप्टेंबर महिन्यात लिहिली. आकृतीच्या खाली, पेन्सिलीने, मराठीत. मग दर आठवड्याला एक येऊ लागली. कुठेही नाव नव्हते. तोटी होती, चंबू होता, खिडकीतून काचेवर पडणारे ऊन होते, आणि एक 'तू'.

मित्रांनो, प्रेमाची कविता म्हणजे काय हे मला कुणी शिकवलेले नाही. पण माझी दोन्ही पाने मी रोज एकमेकांवर मिटते, त्यामुळे तुलना आपोआप होते. उजव्या पानावरची निरीक्षणे मी ओळखते. तीन वाचने सारखी यावी लागतात. ती येत नाहीत. मग मुले उत्तरावरून मागे हिशेब करतात आणि ९.८, ९.९, ९.९ असे लिहून टाकतात. ओमेश्वरीनेही लिहिले, सगळेच लिहितात. डाव्या पानावर मात्र तिने एकही गोष्ट मागून जुळवलेली नव्हती. त्याच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटला होता, तर तेवढेच लिहिले. तो तिच्याकडे पाहत नव्हता, तर पाहत नव्हता असेच लिहिले. माझ्या समजुतीप्रमाणे प्रेमाची कविता हे असे निरीक्षण असते, ज्याच्याखाली निष्कर्षाची जागा मोकळी सोडलेली असते.

तिलकने मला एकदाच हातात घेतले. एक आकडा उतरवायचा राहिला होता. त्याने उजवे पान पाहिले, आकडा उतरवला आणि मला परत दिले. डावे पान त्याच्या अंगठ्याखाली होते. मला अंगठा बाजूला सारता आला नाही.

वर्षाच्या शेवटी वह्या तपासायला गेल्या. रसायनशास्त्राच्या मॅडम भराभर सह्या करत होत्या. माझ्या एका डाव्या पानावर त्या थांबल्या. पुन्हा वरून वाचले. चेहऱ्यावर काही दिसले नाही. मग त्यांनी लाल पेनाने कवितेच्या शेवटी बरोबरची एक छोटी खूण केली आणि पान उलटले. त्या कवितेला मिळालेला तेवढाच अभिप्राय.

पुढच्या वर्षी तिलक वनरक्षकाच्या भरतीला गेला तो परत वर्गात आला नाही. त्याला काहीच माहीत नव्हते, त्यामुळे निरोप घेण्याचा प्रश्न नव्हता.

आता माझे काम संपले होते. मी रद्दीत जायला हवे होते. पण माझ्या पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का होता, प्राचार्यांची सही होती आणि ओमेश्वरीचे नाव वडिलांच्या नावासह लिहिलेले होते. ओमेश्वरीने ते पान उघडून दाखवले तेव्हा मनिरामने ठरवले की ही वही टाकायची नाही. आषाढातल्या पौर्णिमेला, म्हणजे आमच्याकडच्या आखाडीला, त्या घरात अवजारांची पूजा होते. माळव्यातून येताना पूर्वजांनी आणली असे सांगतात ती एक गंजलेली तलवार दरवर्षी पाटावर मधोमध असायची. त्या वर्षी मनिरामने तलवार बाजूला सरकवली आणि तिच्या जागी मला ठेवले.

त्याचा थोरला भाऊ ग्यानीराम सातवी शिकलेला, गावात मान असलेला. त्याने विचारले होते, "तलवारीच्या जाग्यावर कापी?"

"आता हेच आपलं हत्यार, दादा," मनिराम म्हणाला होता.

मग एक रीतच पडली. पूजा झाली की घरातल्या सगळ्यांत लहान वाचणाऱ्याने माझे एक पान मोठ्याने वाचायचे. बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचे. पहिली दोन वर्षे ओमेश्वरीनेच वाचले, कारण धाकटी बहीण प्रेरणा तेव्हा खूप लहान होती. ओमेश्वरी उजवे पान इंग्रजीत वाचायची. कुणाला एक अक्षर कळत नसे, त्यामुळे सगळे फार श्रद्धेने ऐकत. नाइन पॉइंट एट, नाइन पॉइंट नाइन. त्या जुळवलेल्या आकड्यांवर शामकला अक्षता टाकायची आणि ओमेश्वरीची मान आणखी खाली जायची. मनिरामने स्वतः मला कधी उघडले नाही. त्याचा नियम होता की विद्या शिकलेल्यानेच उघडावी.

ओमेश्वरीचे लग्न ठरले तेव्हा तिने मला मागितले. सासर आमगावला, नवरा लीलाधर, त्याचे बी-बियाण्यांचे दुकान. मनिराम हसला. म्हणाला, डिग्री तुझी आहे, ती घेऊन जा, वही घराची आहे. ती काय सांगणार होती? दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामे असताना ती खोडरबर घेऊन माझ्यापाशी बसली. लाल खुणेच्या पुढची एक कविता तिने खोडायला घेतली. चार ओळी गेल्या. रबराचा काळा चुरा तिने फुंकरीने उडवला. मग तिने बोट फिरवून पाहिले. पेन्सिल गेली होती, तरी दाबाच्या चिरा कागदात तशाच होत्या. पाचव्या ओळीला तिने हात लावला नाही आणि मला जाग्यावर ठेवून दिले. मला वाचले जायचे होते की पुसले जायचे होते, हे मला आजही सांगता येत नाही. वहीला कुणी विचारत नाही.

त्यानंतर अकरा वर्षे प्रेरणाने वाचले. ती वाचायला लागली तेव्हा सात वर्षांची होती, ओमेश्वरीने तिच्याकडून एक इंग्रजी पान पाठ करून घेतले होते. पुढे मोठी झाल्यावर तिने डावी पानेही पाहिली. बहिणीला ती काही बोलली नाही. फक्त एका सुरक्षित पानात, जिथे डावीकडे नुसती आकृती होती, तिने मोरपीस घालून ठेवले. दरवर्षी तेच पान निघायचे.

आता यंदाचे सांगते.

प्रेरणा बारावी झाली. तिला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचे होते आणि तो विषय नागपूरला होता. यादीत नाव आले. वसतिगृहही मिळाले. प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख आखाडीच्या नंतरच्या सोमवारी. पण ग्यानीराम तयार नव्हता. थोरल्याच्या मर्जीबाहेर त्या घरात पोरीला शहरात ठेवणे कुणाच्या मनातही येत नसे. मनिरामकडे एकच पुरावा होता. तो पंधरा दिवस भावाला सांगत होता की ओमेश्वरी शिकली, काही वाकडे झाले का? वही पाहा. आखाडीला या, वाचन ऐका, मग हो की नाही ते सांगा.

ओमेश्वरीही आली, लीलाधर आणि आठ वर्षांची मुलगी गुंजन यांना घेऊन. धानाच्या रोवण्याचे दिवस होते, तरी सगळे वेळ काढून ओसरीत जमले. माझी पूजा झाली. प्रेरणाने मला घ्यायला हात पुढे केला तेव्हा मनिराम म्हणाला, "तू नाही. आता घरात लहान वाचणारी गुंजन हाय."

प्रेरणाचा हात तसाच राहिला. ओमेश्वरी आत चुलीपाशी आईबरोबर वडे तळत होती. तिला हे ऐकू आले की नाही ते मला कळले नाही. प्रेरणाने मोरपिसाचे पान काढून भाचीच्या मांडीवर ठेवले आणि बोटाने उजवी बाजू दाखवली.

गुंजन तिसरीत, मराठी शाळेत. तिने उजव्या पानावरचा पहिला इंग्रजी शब्द जुळवायचा प्रयत्न केला, दुसऱ्यावर अडकली. मोठे आजोबा, म्हणजे ग्यानीराम, तिच्याकडे टक लावून पाहत होते. आता इज्जतीचा प्रश्न झाला. हुशार पोरगी ती, तिने तिला येणारे काही सापडते का म्हणून पान उलटले. मोरपीस खाली पडले. आणखी एक पान. डावीकडे आकृती, आकृतीखाली मराठी आणि त्याखाली लाल खूण.

मित्रांनो, माझी पाने इतकी जड आहेत की ती वाऱ्याने उलटत नाहीत. त्या दिवशी वाराही नव्हता.

गुंजनने शाळेत प्रार्थना म्हणतात त्या सुरात वाचायला सुरुवात केली.

"तोटी तुझ्या बोटांत,
चंबू माझ्या हातांत.
नऊ थेंब गेले, रंग नाही.
दहावा पडला
आणि गुलाबी मीच झाले.
तू नळीवर आकडा वाचत होतास.
हवेत ठेवला की हा रंग उडतो म्हणतात.
मी झाकून ठेवला आहे."

इंग्रजी कुणाला कळत नव्हते. हे सगळ्यांना कळले. प्रेरणा मोरपीस उचलायला वाकली होती ती वाकलेलीच राहिली. लीलाधर चटईची एक काडी मोडत होता. आतल्या दारात ओमेश्वरी उभी होती, बोटांना उडदाचे पीठ. ती काही बोलली असती तर तिच्याबद्दलचे सगळे उघडे पडले असते, आणि न बोलता ती उभी होती त्यानेही पडत होते. मी तिच्या बापाने चौदा वर्षे पूजलेला पुरावा होते आणि तिच्या बहिणीच्या नागपूरची वाट मीच अडवून बसले होते.

ग्यानीरामने हात सोडले. "हे शिकवतेत का कॉलेजात?" त्याने विचारले. "गुलाबी होयाचं? हेच्यासाठी धाडतेस का पोरीले नागपूरले?"

मनिराम उठला. त्याने नातीच्या मांडीवरून मला उचलले. त्या घरात आल्यापासून त्याने मला उघडे असे हातात धरले ती पहिलीच वेळ. त्याने मला डोळ्यांजवळ नेले. इतक्या जवळून मी त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्याची नजर लाल खुणेवर होती असे बाकीच्यांना वाटले. मला खालून त्याचे ओठ दिसत होते. ते हलत होते. तोटी. तुझ्या. बोटांत. तो अक्षराला अक्षर लावत शेवटपर्यंत गेला. शेवटच्या ओळीशी थांबला आणि ती पुन्हा वाचली. चौथी शिकलेल्या माणसाला 'तू' आणि 'मी' वाचता येतात.

मग त्याने मला भावापुढे धरले आणि लाल खुणेवर अंगठा ठेवला.

"दादा, हे पाहा जी. मॅडमनं बरोबर देल्लं हाय. चुकीचं असतं तर बरोबर काऊन देल्लं असतं? रसायनच होय ते. थेंबाचं हाय."

"आन ते गुलाबी?"

"औषधाचा रंग होय," मनिराम म्हणाला. "होते गुलाबी. फवारणीचा पंप मारताना आपला हात नाही का पिवळा होत."

ग्यानीरामने लाल खूण न्याहाळली. सातवी शिकलेल्या माणसालाही मास्तरांच्या लाल शाईपुढे वाद घालता येत नाही. मग तो म्हणाला की मॅडमनेच बरोबर दिले असेल तर आपल्याला काय कळते. शामकलाने वडे आणले. सोमवारी मनिराम आणि प्रेरणा नागपूरला गेले आणि प्रवेश पक्का झाला.

यात मी आनंदी व्हायला हवे. झालेही. पण आखाडीच्याच दिवशी दुपारी आणखी एक गोष्ट घडली होती. ओमेश्वरी मला लाल कापडात बांधत होती आणि लीलाधर दारात आला. त्याने विचारले, "ते दहाव्या थेंबाचं, तुनं लिहिलं होतं?"

ओमेश्वरीने गाठ आवळली. "मॅडमनं उतरवाले देल्लं होतं," ती म्हणाली.

"अच्छा." तो जाता जाता थांबला. "चांगलं होतं."

तिने वर पाहिले नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्या कवितेला चांगले म्हटले होते आणि ते श्रेय तिने मॅडमच्या नावावर टाकून दिले होते. गाठ बसली. कापडाच्या आतून मला काय सांगता येणार?

बापाने वाचले हे तिला माहीत नाही. तिला वाटते की भोळ्या बाबांना लाल खुणेखेरीज काही दिसले नाही. आमगावला जाताना ती प्रेरणाला तसे म्हणालीही, आणि हसता हसता तिला रडू आले. मनिरामनेही सांगितले नाही. सांगितले तर लेकीला लाज वाटेल म्हणून तो गप्प, आणि कळले तर बापाला वाईट वाटेल म्हणून ती गप्प. या दोन गप्पांच्या मध्ये मी ट्रंकेत आहे.

प्रेरणाच्या जाण्याआधी मनिराम पुन्हा अर्जुनीला गेला आणि त्याच दुकानातून एक नवी प्रयोगवही घेऊन आला. शर्टाच्या आत धरून. घरी येऊन त्याने ती उघडली आणि डावी पाने एकेक करून तपासली, कोरी आहेत ना म्हणून.

"हे घे," तो म्हणाला. "ही बाजू कोरी असते. आकृती झाली का उरते जागा. वाया नोको जाऊ देऊ."

प्रेरणाने वही घेतली, चाळली आणि हळूच परत दिली. "बाबा, तिकडं ही नाही चालत. कॉलेजच छापील देते. रिकाम्या जागा भराच्या असते फक्त."

मनिरामने बरे म्हटले. त्याने ट्रंक उघडली, नवी वही माझ्यावर ठेवली आणि झाकण लावले. लाल कापडापलीकडे तिची डावी पाने कोरीच आहेत. पावसाळी दमटपणाने माझी पेन्सिल फिकट होत चालली आहे. दहावा थेंब अजून वाचता येतो. आणखी दोन-तीन आखाड्या येईल.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाची तरी जुनी वही जपून ठेवलेली असेल. तिला हळद-कुंकू लावा, कव्हर घाला, वाळवीपासून सांभाळा. पण ती एकदा उघडाही, आणि दोन्ही पाने वाचा. वाचून झाल्यावर, जिचे अक्षर आहे ती दूर असली तरी तिला शोधून तेवढेच सांगा, की मी वाचले. हे काम आम्हा वह्यांना करता येत नाही.